देणाऱ्यांची मंडळी : खानदेशातील ख्रिस्ती मंडळ्यांची वाटचाल

स्मरणिकेसाठी इतिहास लिहायला बसले की लेखणी आपोआप इमारतींकडे वळते. कोनशिला कधी बसली, घंटा कुठून आली, कौले जाऊन पत्रे कधी आले, हे सगळे सांगायला सोपे आणि छायाचित्रांना सोयीचे. मराठी ख्रिस्ती माणसाची बोली मात्र याबाबत अधिक नेमकी आहे. इमारतीला तो चर्च म्हणतो आणि तिथे जमणाऱ्या माणसांना मंडळी. इमारत परक्या पैशाने उभी राहू शकते, मंडळी राहू शकत नाही. जळगाव, भुसावळ, चाळीसगाव, धुळे, नंदुरबार, नवापूर या पट्ट्यातल्या मंडळ्यांचा सव्वाशे वर्षांचा प्रवास पाहिला तर एक गोष्ट स्पष्ट दिसते. या मंडळ्यांची सुरुवात मिशनच्या मदतीने झाली, पण त्या टिकल्या त्या सभासदांच्या देण्यावर. त्या देण्याने पाळकाचा पगार भागला हे खरेच, पण पिढ्यान्‌पिढ्या घेणाऱ्याच्या जागी बसवलेल्या माणसाला त्याने देणाऱ्याच्या जागी नेले, हे त्याहून मोठे. पुढचा इतिहास या एका दृष्टीने लिहिला आहे. साहजिकच काही इमारती आणि काही सत्कार-समारंभ त्यातून सुटले आहेत.

१८९० ते १९०६ : आगगाडी आणि दुष्काळ

१८१८ मध्ये खानदेश इंग्रजांकडे आला तरी पुढची कित्येक दशके मिशनांचे लक्ष मुंबई, नगर, नाशिक या भागांवरच राहिले. इकडचा रस्ता उघडला तो आगगाडीने. १८६० च्या दशकात लोहमार्ग भुसावळला पोचला आणि तापीकाठचे ते गाव रेल्वेचे मोठे ठाणे झाले. मुंबई, नाशिक आणि वऱ्हाड ही तीन टोके एकमेकांना जोडली गेली. वऱ्हाडात अकोल्याभोवती अमेरिकेतील ए. बी. सिम्पसन यांच्या ख्रिश्चन अँड मिशनरी अलायन्सचे काम वाढत होते, ते याच मार्गाने भुसावळ, जळगाव, चाळीसगावपर्यंत आले. पश्चिमेला, भिल्ल आणि मावची वस्तीच्या मुलखात, विसाव्या शतकाच्या आरंभी स्कँडिनेव्हियन अलायन्स मिशन आणि स्वीडनमधील अलायन्स मिशन यांनी पाय रोवले. प्रॉटेस्टंट मिशनांनी आपसांत क्षेत्रे वाटून घेण्याची त्या काळची रीत होती. १९०६ मध्ये सरकारने खानदेशचे पूर्व आणि पश्चिम असे दोन जिल्हे केले, आणि मंडळ्यांच्या कामाचाही साधारण तसाच पूर्वभाग आणि पश्चिमभाग झाला.

याच काळात १८९६-९७ चा दुष्काळ आला आणि पाठोपाठ १८९९-१९०० चा, ज्याला जुनी माणसे छप्पनचा दुष्काळ म्हणत. ख्रिश्चन अँड मिशनरी अलायन्सने अकोल्याला मुलांसाठी आणि खामगावला मुलींसाठी अनाथाश्रम चालवले. पुढे शिक्षक, प्रचारक, बायबल बाई म्हणून काम करणाऱ्यांत या दुष्काळाने पोरकी केलेली मुले होती. तेव्हापासून एक टोमणा मंडळ्यांच्या मागे लागला, तो आजही अधूनमधून ऐकू येतो : ही पोटासाठी झालेली माणसे. तो झटकून टाकून चालणार नाही, कारण त्यात अर्धे सत्य आहे. भुकेल्या मुलाला ज्या हाताने भाकरी दिली त्या हाताशी त्याचे नाते जुळले, यात लाजण्यासारखे काही नाही. प्रश्न पुढचा आहे. भूक भागल्यावर, आणि पुढे तो हातही गेल्यावर, ही माणसे का राहिली? पोट हे एकच कारण असते तर त्याचा हिशेब एका पिढीत पुरा झाला असता.

मिशनचा पैसा म्हणजे नेमका कोणाचा, हेही विचारायला हवे. स्कँडिनेव्हियन अलायन्स मिशन १८९० मध्ये शिकागोत स्थापन करणारे फ्रेडरिक फ्रान्सन स्वतः स्वीडनहून अमेरिकेत आलेले, आणि त्यांना पैसे देणाऱ्या मंडळ्याही अशाच स्थलांतरितांच्या. शेतमजूर, सुतार, घरकाम करणाऱ्या मुली अशी ती कष्टकरी माणसे. त्यांनी आठवड्याच्या मजुरीतून काढलेल्या नाण्यांवर नवापूर-नंदुरबारकडचे काम चालले. गोऱ्या साहेबाच्या बंगल्याकडे पाहून गावाला वाटे की विलायतेत पैशाची खाण आहे. ती खाण नव्हती. ती दुसऱ्या गरिबांची थैली होती, आणि देण्याचा धडा त्या थैलीबरोबरच इकडे आला होता. तो आपल्याला उमगायला वेळ लागला, एवढेच.

१९०६ ते १९३० : खळ्याचा दिवस आणि पगाराची तारीख

या पंचवीस वर्षांचा तपशील थोडा सावकाश पाहिला पाहिजे, कारण मंडळ्यांची देण्याची घडी याच काळात बसली. ती दोन वेगळ्या घड्याळांवर बसली. भुसावळ-जळगावकडच्या रेल्वे कामगार, शिक्षक, नर्स, चपराशी अशा घरांत महिन्याची ठरलेली तारीख होती. तिथे देणे म्हणजे मासिक वर्गणी, पावती आणि शिलकेचा आकडा. पश्चिमेच्या खेड्यांत मात्र हातात रोकड येई ती हंगामाला, आणि तीही सावकाराच्या हातून सुटली तर. सालदाराचे साल आखाजीच्या सुमाराला संपे आणि उचल फिटली की पुन्हा नवी उचल चढे. अशा माणसाकडे दर रविवारी पैसा मागणे म्हणजे त्याला दर रविवारी खाली मान घालायला लावणे. म्हणून तिथे देणे धान्याने झाले. ज्वारी, बाजरी, तूर, मिरची, भोपळा, कोंबडी, अंडी हे सगळे हंगामाच्या सणाला वेदीपुढे येऊन पडे आणि उपासनेनंतर त्याचा लिलाव होई. घरात रोजचा स्वयंपाक मांडताना एक मूठ दाणे किंवा पीठ बाजूला काढायचे, ही बायकांची रीत अनेक मंडळ्यांना ठाऊक आहे. मिझोरामच्या मंडळ्यांत अशीच मूठभर तांदळाची प्रथा १९१० पासून चालत आली आहे आणि तिथल्या मंडळ्यांच्या उत्पन्नाचा तो मोठा आधार आहे.

महाराष्ट्राला यात परके काही नव्हते. पैसा पैसा गोळा करून तळेगावचा काच कारखाना काढणारा पैसा फंड याच दिवसांतला, आणि कर्मवीर भाऊराव पाटलांनी पुढे मुष्टिफंडातून वसतिगृहे चालवली. थेंबाथेंबाने तळे साचते हे इथल्या माणसाला कोणी परदेशातून येऊन शिकवायची गरज नव्हती. पण मंडळीच्या मूठभर दाण्याला आणखी एक अर्थ होता. गावगाड्यात खळे हे वाटणीचे ठिकाण. धान्याची रास झाली की बलुतेदार येऊन उभे राहत आणि आपला वाटा घेऊन जात. त्या रांगेत सर्वांत शेवटी, राशीपासून सर्वांत दूर उभे राहणाऱ्या घरांतून आलेली कितीतरी कुटुंबे पूर्व खानदेशातल्या मंडळ्यांत होती. जन्माने वाटेकरी, जन्माने मागणारे. त्याच घरातला माणूस आता स्वतःच्या कमाईतले पायलीभर दाणे घेऊन सगळ्यांच्या देखत पुढे येतो, ते ठेवतो आणि परत आपल्या जागी जाऊन बसतो. त्या दाण्यांची बाजारात किंमत काही आणे असेल. गावाच्या हिशेबात त्या माणसाची किंमत मात्र त्या दिवशी बदलली. बलुते त्याला जातीमुळे मिळत होते, देणे त्याने स्वतः ठरवले होते. विधवेच्या दोन टोल्यांची गोष्ट इथल्या ऐकणाऱ्यांना इतकी जवळची का वाटली, याचे उत्तर मला इथे दिसते.

यावर एक आक्षेप धार्मिक आहे. उजव्या हाताचे दान डाव्या हातालाही कळू नये असे शुभवर्तमान सांगते, मग सगळ्यांसमोर लिलाव कशाला आणि वार्षिक सभेत नावानिशी वर्गणी वाचायची कशाला? आक्षेप योग्य आहे, आणि भोपळ्याला पाच पट बोली लावून मिरवणारे सभासद कोणत्याही काळात कमी नव्हते. पण ज्या समाजाने सावकाराची बंद वही पिढ्यान्‌पिढ्या भोगली, ज्याला अंगठा कशावर उठवला हे कधी वाचून दाखवले गेले नाही, त्याला उघडा हिशेब हा मिरवण्याचा विषय नव्हता, विश्वासाचा होता. कोणी किती दिले आणि ते कुठे गेले, हे मंडळीच्या सभेत मोठ्याने वाचले जाणे ही त्याच्या आयुष्यातली पहिली लोकशाही होती. गुप्तदानाची पेटी तिच्या शेजारी होतीच.

या काळात महाराष्ट्राच्या ख्रिस्ती समाजात परावलंबनाविरुद्ध बोलणारा सर्वांत मोठा आवाज रेव्हरंड नारायण वामन टिळकांचा. १९१७ मध्ये त्यांनी मिशनचा पगार सोडला आणि ‘देवाचा दरबार’ उभारला. १९१९ मध्ये ते गेले, त्यामुळे त्या प्रयोगाला आयुष्य थोडे लाभले, पण ख्रिस्ती सेवा मिशनच्या वेतनाशिवायही होऊ शकते हे त्यांनी करून दाखवले. खानदेशाला टिळक आठवतात ते बहुधा धरणगावच्या बालकवींच्या निमित्ताने, ज्यांना नगरला टिळकांच्या घरात मुलासारखा आसरा मिळाला. टिळकांच्या या दुसऱ्या बाजूची आठवण स्मरणिकेत कमीच होते.

१९३० चे दशक : आटलेला ओघ

जागतिक मंदीत अमेरिकेतून येणारी रक्कम घटली, आणि त्याच वेळी कापसाचे भाव कोसळले. मिशनचा हात आखडला तेव्हा मंडळीचाही खिसा रिकामा होता. देशभर या दशकात एकच प्रश्न विचारला जात होता. डोर्नकलचे बिशप व्ही. एस. अझरया, १९१२ मध्ये झालेले पहिले भारतीय अँग्लिकन बिशप, खेड्यातल्या अत्यंत गरीब मंडळ्यांना देण्यास शिकवत होते. १९३८ च्या अखेरीस मद्रासजवळ तांबरम येथे भरलेल्या जागतिक मिशनरी परिषदेतही तरुण मंडळ्यांच्या आर्थिक पायावर बरीच चर्चा झाली. स्वतःचा कारभार, स्वतःचा खर्च, स्वतःचा प्रचार हे तीन ‘स्व’ एकोणिसाव्या शतकात मिशन संस्थांचे चिटणीस हेन्री व्हेन आणि रुफस अँडरसन यांनी मांडले होते. अँडरसन तर १८५४-५५ मध्ये नगरपर्यंत येऊन गेले होते. तरी मंदी येईपर्यंत हे तत्त्व बव्हंशी ठरावांतच राहिले, असे म्हटले तर ते मिशनवर अन्याय करणारे होणार नाही.

इथे दुसरा आक्षेप येतो, आणि तो अधिक जड आहे. अर्धपोटी माणसाकडून दशांश मागणे हे शोषण नव्हे काय? दशांश हा नियमशास्त्रातला भाग, सर्वांना एकच प्रमाण लावणारा. महिना पगार घेणाऱ्याला दहावा हिस्सा देऊन नऊ हिस्से उरतात, कोरडवाहू शेतकऱ्याला पाऊस चुकलेल्या वर्षी दहावा हिस्सा काढला तर बी-बियाणे उरत नाही. याचे उत्तर पौलाच्या पत्रांत आहे. त्याने यरुशलेमेच्या गरिबांसाठी वर्गणी गोळा केली तेव्हा प्रमाण ठरवले नाही, ज्याच्याजवळ जसे असेल तसे म्हटले, आणि सर्वांत उदार ठरल्या त्या मासेदोनियातल्या दरिद्री मंडळ्या. खानदेशातल्या मंडळ्यांनी दशांश शिकवला तरी व्यवहारात हंगामाला मान दिला, सक्तीची वसुली केली नाही, आणि ज्या वर्षी घेण्यासारखे काही नव्हते त्या वर्षी मंडळीनेच त्या घराला दिले. या दोन्ही वाटा एकाच वहीत होत्या. देणारा आणि घेणारा यांच्या जागा आलटून पालटून बदलत राहिल्या, म्हणूनच ते शोषण झाले नाही. जिथे मंडळीने फक्त घेतले, तिथे हा आक्षेप खरा ठरेल आणि तो सोसलाच पाहिजे.

१९४० ते १९६० : दवाखाना, स्वातंत्र्य, विश्वस्त कायदा

१९४२ मध्ये नवापूर तालुक्यात चिंचपाडा येथे मिशनचा दवाखाना सुरू झाला. आज तो इमॅन्युएल हॉस्पिटल असोसिएशनच्या कुटुंबात आहे आणि आसपासच्या आदिवासी गावांना त्याचा आधार आहे. १९४९ मध्ये स्कँडिनेव्हियन अलायन्स मिशनचे नाव ‘दि इव्हँजेलिकल अलायन्स मिशन’ झाले. स्वातंत्र्यानंतर परदेशी मिशनऱ्यांची संख्या घटत गेली. १९५६ मध्ये आलेल्या, मिशनऱ्यांच्या कामाची चौकशी करणाऱ्या नियोगी समितीच्या अहवालाने वातावरण तापले. तो अहवाल त्या वेळच्या मध्य प्रदेशापुरता होता, त्यात अकोला-अमरावती येत, खानदेश मुंबई राज्यात असल्याने बाहेर राहिला. पण अकोल्याला थंडी वाजली की भुसावळला शिंक येतच असे.

या काळातली एक घटना मात्र समारंभांत कधी आठवली जात नाही. १९५० मध्ये मुंबई सार्वजनिक विश्वस्तव्यवस्था कायदा झाला. मंडळीला विश्वस्त नेमावे लागले, मालमत्तेची नोंद, तपासलेले हिशेब, धर्मादाय आयुक्तांकडे विवरण ही सगळी कामे आली. त्याआधी हे मिशनचा बंगला पाहत असे. आता शाळामास्तर, रेल्वेतले कारकून, दवाखान्यातले कंपाउंडर असे आपलेच लोक संध्याकाळी कंदिलाशी बसून ताळेबंद जुळवू लागले. या लोकांची नावे एकेक करून घेणे इथे टाळले आहे, कारण एक घेतले की दहा राहतील. पाळक, वडील, पंच, खजिनदार, बायबल बाया, महिला मंडळाच्या भगिनी आणि चर्च झाडणारे हात, या सर्वांच्या श्रेयाची ही नोंद समजावी. या स्थित्यंतरात मतभेद झाले, जमिनीवरून आणि अधिकारावरून काही वेळा कडू शब्दही निघाले. प्रभुभोजनाच्या मेजाशी ते मिटले आणि इथे पुन्हा उकरण्याचे कारण नाही.

१९७० ते १९९० : स्वतःच्या पायांवर

२९ नोव्हेंबर १९७० रोजी नागपुरात अनेक प्रॉटेस्टंट मंडळ्यांच्या ऐक्यातून चर्च ऑफ नॉर्थ इंडियाची स्थापना झाली. ख्रिश्चन अँड मिशनरी अलायन्सच्या मंडळ्या त्या ऐक्यात सामील झाल्या नाहीत, त्यांची स्वतंत्र रचना राहिली. १९७२ चा दुष्काळ इथे मुद्दाम आठवला पाहिजे. छप्पनच्या दुष्काळात मिशनच्या दारी अन्न होते. १९७२ मध्ये काम आणि सुकडी सरकारी दुष्काळी कामांवर मिळत होती, ख्रिस्ती माणूस इतरांबरोबर तिथेच खडी फोडत होता. पोटासाठी मंडळीत राहण्याचे कारण उरले नव्हते, तरी मंडळ्या भरत राहिल्या. चार वर्षांनी, १९७६ मध्ये, परदेशी देणग्यांचे नियमन करणारा कायदा आला, २०१० मध्ये तो नव्याने झाला आणि २०२० च्या दुरुस्तीने अशी प्रत्येक रक्कम दिल्लीतील स्टेट बँकेच्या एका शाखेतूनच घेण्याचे बंधन आले. या कायद्यांविषयी मते वेगळी असू शकतात आणि सेवाभावी दवाखान्यांना त्यांचा त्रास झाला हेही खरे. लहान गावच्या मंडळीला मात्र त्यांनी फारसे हलवले नाही, कारण तिचा पाळक तोवर तिच्याच वर्गणीवर जगत होता. शंभर वर्षांपूर्वीच्या टोमण्याला याहून चांगले उत्तर शब्दांनी देता येणार नाही.

कॅथलिक बाजूची वाट थोडी वेगळी. तिथे धर्मगुरूची नेमणूक आणि निर्वाह धर्मप्रांताकडे, त्यामुळे देण्याचा प्रश्न तितका टोकाचा नव्हता. १५ मे १९८७ रोजी पुणे धर्मप्रांतातून नाशिक धर्मप्रांत वेगळा झाला, जळगाव-धुळे त्यात आले आणि थॉमस भालेराव पहिले बिशप झाले. धर्मप्रांताचे केंद्र जवळ आल्याने खानदेशातल्या पॅरिशांकडे अधिक लक्ष गेले, आणि दोन्ही परंपरांतील कुटुंबे नाताळात, लग्नात, मयतीला एकमेकांच्या अंगणात पूर्वीपेक्षा जास्त दिसू लागली.

१९९० नंतर

१ जुलै १९९८ रोजी नंदुरबार वेगळा जिल्हा झाला. तरुण नोकरीसाठी पुणे, नाशिक, सुरतकडे गेले आणि मंडळीच्या यादीत ‘बाहेरगावी’ असा शेरा असलेली नावे वाढली. गंमत अशी की यातली बरीच नावे वर्गणीच्या यादीत कायम आहेत. पैसे आता फोनवरून येतात, हंगामाच्या सणाला ज्वारीबरोबर रावेर-यावलची केळी येतात आणि लिलावाची बोली मोबाइलवरूनही लागते. यात एक धोका आहे. बाहेरगावच्या मोठ्या रकमांनी गावातल्या छोट्या रकमा निरुपयोगी वाटू लागल्या, तर मिशनच्या जागी नवे मिशन येईल आणि गावातली मंडळी पुन्हा घेणाऱ्याच्या जागी बसेल. म्हणून ज्या मंडळ्यांनी दुरुस्ती निधीला बाहेरून मदत घेतली पण पाळकाचा पगार गावच्याच वर्गणीतून द्यायचा असा ठराव केला, त्यांचे शहाणपण वाखाणण्यासारखे आहे. आज संडे स्कूल, महिला मंडळाच्या घरसभा, मार्चच्या पहिल्या शुक्रवारचा जागतिक प्रार्थना दिन, आजारी आणि एकट्या वृद्धांना भेटी, गरजू मुलांची फी ही कामे याच पैशातून चालतात. उपासना संगीतातली गाणी पेटी-तबल्यावर आणि आता कीबोर्डवरही होतात, आणि बुधवारच्या प्रार्थनेला येणारी माणसे रविवारपेक्षा कमी असतात, हेही या इतिहासात लपवण्यासारखे नाही.

मिशनचा इतिहास अहवालांतून लिहिता येतो, कारण अहवाल लिहिणारे लिहून गेले. देणाऱ्यांचा इतिहास वह्यांत आहे, आणि वह्या घराघरांतल्या ट्रंकांत. ज्या कुटुंबांत जुन्या वर्गणीच्या वह्या, पावत्या, हंगामाच्या सणाच्या लिलावाच्या याद्या किंवा वार्षिक सभेची इतिवृत्ते असतील, त्यांनी ती रद्दीत न देता मंडळीच्या सचिवांकडे द्यावीत, निदान पाहण्यासाठी द्यावीत. पाहून झाल्यावर ती परत मिळतील.